पेटीचं दार माशीला ओळखू यावं म्हणून

वाचकांचे प्रश्न : मधपेट्यांचं रंगकाम

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न मधपेट्यांच्या रंगाविषयी आहेत. पेटीच्या रंगाकडून तीन कामं हवी असतात : माशीला आपलं दार ओळखू यावं, आत उन्हाचा ताप वाढू नये आणि लाकूड टिकावं. तिन्ही कामं एकाच डब्यातून होत नाहीत, म्हणून उत्तरं जरा तपशिलात दिली आहेत.

प्रश्न : आठ नव्या पेट्या आहेत. लाल, केशरी, हिरवा, पिवळा, निळा, जांभळा, पांढरा आणि काळा असे आठ रंग हाताशी आहेत. प्रत्येक पेटीला वेगळा रंग दिला तर माश्या चुकणार नाहीत ना?

उत्तर : डबे आठ असले तरी माशीच्या लेखी ते आठ रंग नाहीत. आपल्या डोळ्यांत लाल, हिरवा आणि निळा प्रकाश टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. माशीच्या डोळ्यांतही तीनच प्रकार असतात, पण ते हिरवा, निळा आणि अतिनील. त्यांची संवेदना अनुक्रमे ५४४, ४३६ आणि ३४४ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असते. आपल्याला न दिसणारं अतिनील तिला दिसतं. उलट ६५० नॅनोमीटरच्या पुढचा तांबडा प्रकाश तिच्यासाठी जवळजवळ नसतोच. लाल पेटी तिला काळपट दिसते. तुमची लाल आणि काळी पेटी शेजारीशेजारी ठेवली तर माशीपुढे दोन जुळ्या पेट्या उभ्या राहतील.

कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये हे साध्या प्रयोगानं दाखवलं होतं. निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून माश्यांना सवय लावली, मग तो निळा कागद करड्या रंगाच्या अनेक छटांमध्ये मिसळला आणि साखरपाणी काढून घेतलं. माश्या बिनचूक निळ्यावर उतरल्या. लाल कागदावर सवय लावलेल्या माश्या मात्र काळ्या आणि गडद करड्या कागदांवरही उतरत राहिल्या. मधमाश्यांच्या संवेदना आणि नृत्यभाषा यांवरच्या कामासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

याच कामातून पुढे आलेली विभागणी पेट्यांसाठी आजही उपयोगी आहे. केशरी, पिवळा आणि हिरवा हे माशीच्या दृष्टीनं एका घरातले. निळा आणि जांभळा हे दुसऱ्या घरातले. एकाच घरातल्या दोन छटांतला फरक तिला अगदी कळतच नाही असं नाही, पण घाईत, उतरत्या उन्हात, पोटात मकरंद भरून परतताना गल्लत होते. म्हणून तुमच्या आठांपैकी कामाचे चारच : पांढरा, पिवळा, निळा आणि काळा. आठ पेट्यांना हेच चार दोनदा वापरा, फक्त एकाच रंगाच्या दोन पेट्या लगत येऊ देऊ नका. काळा रंग पूर्ण पेटीला देऊ नका; तो पुढच्या बाजूवर पट्ट्यांपुरताच ठेवा, कारण पुढे येईलच.

उरलेला लाल रंग वाया जाणार नाही. पेट्यांच्या मागच्या बाजूला क्रमांक लिहायला तो वापरा. ते काम तुमच्या डोळ्यांसाठी आहे.

प्रश्न : पांढऱ्या रंगाच्या दोन डब्यांमध्ये माशीला फरक कळतो असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : कळू शकतो. आपल्याला जे पांढरं दिसतं ते अतिनील परावर्तित करतं की शोषून घेतं, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. आजच्या बहुतेक पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते अतिनील शोषतं. झिंक ऑक्साइडही शोषतं. अशा पांढऱ्यातून माशीला फक्त निळा आणि हिरवा प्रकाश मिळतो, म्हणजे आपली पांढरी पेटी तिला निळसर-हिरवी दिसते. जुन्या काळचा शिशाचा पांढरा अतिनीलही परत पाठवायचा, तो तिला खरा पांढरा दिसे. शिसं विषारी असल्यानं तो आता वापरायचा नाही.

याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की फिकट आकाशी रंग पांढऱ्याच्या शेजारी ठेवू नका. आकाशी म्हणजे बहुतांशी पांढरंच, त्यात थोडा निळा. आपल्याला तो वेगळा दिसतो, माशीला तो पांढऱ्याच्या फार जवळचा. निळा घ्यायचा तर ठसठशीत, मध्यम गडद घ्या.

प्रश्न : बारा पेट्या एका सरळ रांगेत, एकाच रंगाच्या, हात-हात अंतरावर आहेत. दोन्ही टोकांच्या पेट्या नेहमी भरलेल्या आणि मधल्या रोडावलेल्या असतात. राण्या सारख्याच वयाच्या आहेत. रंग बदलून उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण रंगाबरोबर मांडणीही मोडावी लागेल. तुम्ही वर्णन केलेलं हे माश्या भरकटण्याचं ठरलेलं चित्र आहे. सरळ रांगेत मधल्या पेटीला स्वतःची अशी खूण नसते; टोकाच्या पेटीला एका बाजूला मोकळी जागा असते, तीच तिची खूण. नवखी माशी चुकली की टोकाकडे सरकते. पोटात मकरंद किंवा पायांवर पराग घेऊन आलेल्या परक्या माशीला पहारेकरी माश्या फारसं अडवत नाहीत, त्यामुळे चुकलेली माशी तिथंच राहते. मधल्या पेट्यांचं मनुष्यबळ, म्हणजे माशीबळ, असं हळूहळू टोकांना जातं. नर तर याहून जास्त भटकतात.

यात नुसतं मधाच्या उत्पन्नाचं नुकसान नाही. भरकटणारी माशी वरोआ गोचीड (माशीच्या अंगावरचा परजीवी), तसंच नोसेमा (माशीच्या आतड्याचा रोग) आणि अमेरिकन फाउलब्रूड (अळ्या सडवणारा रोग) यांचे बीजाणू एका पेटीतून दुसरीत नेते. म्हणून हा प्रश्न आम्ही हौसेचा मानत नाही.

दोष कुठं शिरतो ते पाहा. कामकरी माशी जन्मानंतर साधारण आठवड्याभरानं दुपारच्या वेळी दारासमोर येते, तोंड पेटीकडे करून अधांतरी डावी-उजवीकडे डोलते आणि हळूहळू मोठी वर्तुळं घेत मागे सरते. त्या काही मिनिटांत ती दार, दाराचा रंग, शेजारच्या पेटीचा रंग, मागचं झाड, असं सगळं मिळून पाठ करते. नुसतं ‘निळं’ नव्हे, तर ‘डावीकडे पिवळं, उजवीकडे पांढरं, त्याच्या मधलं निळं’ अशी ती नोंद असते. म्हणून शेजारीही ओळखपत्राचा भाग आहे, आणि म्हणूनच हंगामाच्या मध्यात शेजारच्या पेटीचा रंग बदलला तरी या पेटीच्या माश्या गोंधळतात.

बारा पेट्यांसाठी आमचा सल्ला असा. रांग मोडून तीन-तीन किंवा चार-चारचे गट करा, प्रत्येक गट अर्धवर्तुळात, दारं वेगवेगळ्या दिशांना. दोन गटांत किमान २ ते ३ मीटर जागा आणि मध्ये एखादं झुडूप किंवा मोठा दगड. गटातल्या पेट्यांच्या पुढच्या बाजूंना क्रमानं पांढरा, निळा, पिवळा. चौथी असेल तर पांढऱ्यावर काळ्या पट्ट्या. जागेअभावी रांग मोडता येत नसेल तर निदान जोड्या करा आणि जोड्यांतलं अंतर वाढवा. पेट्या हलवताना माश्या जुनी जागा शोधत येतात, हे लक्षात ठेवून सलग काही दिवस उड्डाण बंद असेल अशा थंडीच्या किंवा पावसाच्या काळात हे काम करा.

प्रश्न : पूर्ण पेटी रंगवण्याऐवजी दाराच्या वर रुपयाएवढा ठिपका किंवा एखादं चित्र काढलं तर?

उत्तर : ठिपक्यानं काही साधणार नाही. माशीच्या प्रत्येक संयुक्त डोळ्यात ५ हजारांहून अधिक भिंगं असली तरी तिची नजर आपल्यापेक्षा कितीतरी धूसर असते. प्रयोगांत असं दिसलं आहे, की एखादी वस्तू तिच्या डोळ्याशी सुमारे १५ अंशांचा कोन करेल इतकी जवळ आली तरच तिला तिचा रंग ओळखता येतो. ५ ते १५ अंशांमध्ये तिला फक्त उजळ-गडद एवढाच भेद कळतो, तोही हिरवा प्रकाश टिपणाऱ्या पेशींतून. त्याहून लहान ते तिला दिसतच नाही.

हे सेंटीमीटरमध्ये मांडू. १० सेंटीमीटर रुंदीचा पट्टा तिला रंगीत दिसतो तो सुमारे ३८ सेंटीमीटरवरून. म्हणजे ती जवळजवळ दारात पोचल्यावर. ४० सेंटीमीटर रुंदीची पुढची अख्खी बाजू मात्र दीड मीटरवरूनच रंगीत दिसू लागते, आणि तेवढ्या अंतरावर तिला वळायला वाव असतो. म्हणून रंग द्यायचा तर पुढची पूर्ण बाजू आणि उतरण्याची फळी.

याच कारणानं उजळ आणि गडद यांची अदलाबदल महत्त्वाची. हिरव्या प्रकाशाच्या हिशोबानं पांढरा आणि पिवळा उजळ, निळा आणि काळा गडद. दोन उजळांच्या मध्ये एक गडद आला की दुरूनच रांगेची ओळख पटते. ढोबळ पडताळा हवा असेल तर पेट्यांचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा : शेजारच्या दोन पेट्या सारख्याच करड्या दिसल्या तर दुरून माशीलाही त्या सारख्या दिसण्याची शक्यता मोठी. लाल रंगापुरता हा फोटो फसवतो. तो फोटोत दिसतो त्याहून माशीला खूप गडद असतो.

चित्रांविषयी. भरीव वर्तुळ, भरीव त्रिकोण आणि भरीव चौकोन यांत माशी सहज गोंधळते. तिला कळतो तो कडांचा फरक : उभ्या पट्ट्या की आडव्या, अखंड की तुटक. म्हणून फुलापानांची नक्षी काढण्याऐवजी एका पेटीवर उभ्या, दुसरीवर आडव्या, तिसरीवर ठळक फुली काढा. पट्टी ५ सेंटीमीटरपेक्षा बारीक नको, नाहीतर मीटरभरावरून सगळं एकत्र मिसळून करडं दिसतं.

प्रश्न : राणी तयार करण्याच्या लहान पेट्यांतून बऱ्याच राण्या मिलनाच्या उड्डाणाला जाऊन परत येत नाहीत. रंगाचा संबंध असू शकतो?

उत्तर : असू शकतो, आणि रंगावर सर्वांत जास्त कष्ट इथंच घ्यावेत असं आम्हाला वाटतं. कामकरी चुकली तर दुसऱ्या पेटीत रुजते. राणी चुकली तर परक्या दारात मारली जाते. कुमारी राणी साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाहेर पडू लागते. तिला पाठांतराला मिळतात ती एक-दोन छोटी उड्डाणं. तेवढ्यात दहा सारख्या पेट्यांतली आपली कोणती, हे तिनं लक्षात ठेवायचं असतं.

लहान पेटीची पुढची बाजूही लहान, त्यामुळे इथं पूर्ण पेटी रंगवा. पेट्या २ ते ३ मीटर अंतरावर, रांगेत न ठेवता विखरून, दारं वेगवेगळ्या दिशांना. चार कप्प्यांची एकत्र पेटी असेल तर चार दारं चार बाजूंना असतातच; प्रत्येक बाजू वेगळ्या रंगाची करा, त्यांत एकाच घरातले दोन रंग नकोत. राणीकोश (राणी घडते ते मेणाचं घर) बसवायच्या आधी रंग पूर्ण झालेला हवा. राणी बाहेर पडल्यापासून ती अंडी घालू लागेपर्यंत पेटी, तिची शेजारीण किंवा समोरचं गवतसुद्धा हलवू नका. पक्षी, चतुर किंवा वाईट हवा यांमुळे जाणाऱ्या राण्या रंगानं वाचणार नाहीत, पण चुकीच्या दारात शिरणाऱ्या वाचतात.

प्रश्न : गडद निळी पेटी उन्हात होती. दुपारी दोन पोळी चौकटीतून सुटून खाली पडली आणि मध दारातून वाहिला. रंगामुळेच झालं का?

उत्तर : एकट्या रंगामुळे नाही, पण रंगानं हातभार लावला. पिलावाजवळ (अंडी-अळ्यांजवळ) माश्या ३४ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान राखतात. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण नवं मेण ४० अंशांच्या पुढे गेल्यावरच लोण्यासारखं लेचंपेचं होऊ लागतं. मोठ्या चौकटीत मध पूर्ण भरला की त्याचं वजन ३ किलोच्या आसपास जातं. तार नसलेली नवी चौकट, भरलेला मध, भर दुपार आणि उष्णता पिणारी गडद भिंत एकत्र आली की पोळं वरच्या पट्टीपासून सुटतं.

यावरचा उपाय निळा टाकून देणं नव्हे. छप्पर पांढरं किंवा चकचकीत पत्र्याचं करा. माध्यान्हीचं ऊन सगळ्यात जास्त तेच घेतं. दोन्ही बाजू आणि मागची भिंत पांढरी किंवा फिकट ठेवा. निळा फक्त पुढच्या बाजूला, आणि ती बाजू सकाळच्या उन्हाकडे. दुपारची सावली, जवळ पाणी आणि वरच्या झाकणाखाली हवा खेळायला जागा या तीन गोष्टी कुठल्याही रंगापेक्षा जास्त काम करतात. चौकटींना तार ओढा.

थंड हवामानात गडद पेटी थोडी ऊब घेते हे खरं. पण ऊन गेलं की ती तितक्याच लवकर निवते, त्यामुळे गडद रंगाला उष्णतारोधकाची जागा देऊ नये.

प्रश्न : पेटी आतूनही रंगवावी का?

उत्तर : नाही. आतलं उघडं लाकूड माश्यांच्या श्वासातून आणि मकरंद आटताना निघालेली वाफ थोडी शोषून नंतर सोडतं. शिवाय माश्या आतून स्वतः प्रोपोलिसचा (झाडांच्या डिंकापासून केलेला) लेप देतात, तो त्यांच्या कामाचा असतो. चौकटी, आतलं झाकण, दाराच्या खाचेची आतली कड हेही कोरं ठेवा.

प्रश्न : दहा पेट्यांना किती रंग लागेल आणि नेमका कसा द्यायचा? पहिल्यांदाच करत आहे.

उत्तर : दहा चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेटीचा (जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमाण पेटीचा) हिशोब देतो, तुमची पेटी लहान असेल तर याच रीतीनं माप घ्या. पूर्ण खोलीच्या कोठीचं (चौकटी ठेवण्याच्या खोक्याचं) बाहेरचं माप सुमारे ५०५ बाय ४१३ मिलिमीटर आणि उंची २४३. चारही बाजू मिळून ०.४५ चौरस मीटर. दोन कोठ्या, तळपाटाची खालची बाजू आणि कडा, छपराच्या कडा असं धरून एका पेटीला साधारण १.४ चौरस मीटर, म्हणजे दहांना १४. कोऱ्या लाकडावर अस्तर लिटरला ७ ते ८ चौरस मीटर जातं, म्हणून अस्तर २ लिटर. वरचा रंग लिटरला १० चौरस मीटर धरा. दोन हातांना २.८, म्हणजे ३ लिटर. त्यात पांढरा २ लिटर आणि निळा, पिवळा अर्धा-अर्धा लिटर घेतला की पुढच्या बाजू भागतात. काळ्या पट्ट्यांना पाव लिटरचा डबासुद्धा उरेल.

रंग घ्यायचा तो बाहेरच्या वापराचा, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक. चकाकी कमी असलेला घ्या. उतरण्याच्या फळीवर चकचकीत रंग नकोच, परागाचं ओझं घेऊन उतरणारी माशी त्यावर घसरते. डिस्टेंपर आणि घराच्या आतल्या भिंतींचे रंग पावसात टिकत नाहीत. डब्यावर ‘वाळवीरोधक’ किंवा ‘कीटकनाशकयुक्त’ असं काही लिहिलेलं असेल तर तो पेटीजवळ आणू नका. जे वाळवीला मारतं ते माशीलाही मारतं.

आता काम. लाकूड पूर्ण सुकं हवं. १२० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं फिरवा आणि धूळ ओल्या फडक्यानं टिपून वाळू द्या. गाठींतून डिंक येत असेल तर त्यांवर आधी लाखेचा एक हात द्या, नाहीतर दोन महिन्यांत रंगातून पिवळा डाग वर येतो. खिळ्यांची भोकं आणि सांध्यांतल्या फटी बाहेरून भरा.

मग अस्तर. पहिला हात किंचित पाणी घालून पातळ केलेला, लाकडाच्या रेषांत मुरेल असा. सर्वांत जास्त लक्ष कोपऱ्यांच्या सांध्यांकडे द्या. तिथं लाकडाचे आडवे काप उघडे असतात आणि ते नळीसारखे पाणी ओढतात. पेटी कुजायला सुरुवात तिथूनच होते. आडव्या कापांना अस्तर दोनदा द्या. उचलायच्या खाचांतही पाणी साठतं, तिथं ब्रशचं टोक घालून भरा.

अस्तर वाळल्यावर हलका पॉलिशपेपर, मग रंगाचे दोन हात. दोन हातांमध्ये किमान ४ तास. थेट उन्हात रंगवू नका, वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आत ओल राहते. हवा १० अंशांपेक्षा थंड किंवा फार दमट असेल तर थांबा.

कोठ्यांच्या वरच्या आणि खालच्या कडा, जिथं एक कोठी दुसरीवर बसते, त्या रंगवू नका. दोन आडव्या दांड्यांवर कोठी ओवली की चारही बाजू फिरवत रंगवता येतात आणि कडांना हातही लागत नाही. एकावर एक रचून रंगवण्याची पद्धत झटपट आहे, पण रंग वाळायच्या आत प्रत्येक फटीतून सुरी फिरवली नाही तर कोठ्या चिकटतात.

रंग हाताला तासाभरात सुका लागतो, पण आत पूर्ण घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे जातात. नाक लावून पाहा. वास येत असेपर्यंत वसाहत घालू नका. निदान आठवडाभर तरी पेट्या सावलीत, हवेशीर उघड्या ठेवा.

प्रश्न : वर्षभरात रंगाला फोड आले आणि पोपडे निघू लागले. रंग खराब होता का?

उत्तर : एक फोड सुरीनं कापून आत बघा. खाली कोरं लाकूड दिसलं तर ओल आतून आली आहे. पेटीतली वाफ लाकडातून बाहेर येऊ पाहते. वर ऑइल पेंटचा हवाबंद थर असेल तर ती त्यालाच ढकलून फुगवते. खाली आधीच्या रंगाचा थर दिसला तर दोन थर एकमेकांना धरलेले नाहीत, बहुधा चकचकीत जुन्या रंगावर न घासता नवा दिला किंवा तापलेल्या लाकडावर रंगकाम केलं. पहिल्या प्रकारात सगळं खरवडून, लाकूड सुकवून अ‍ॅक्रिलिक द्या, कारण त्यातून वाफेला थोडी वाट मिळते. झाकणाखालची हवाही तपासा. दुसऱ्या प्रकारात सैल झालेलं काढून, कडा घासून वर नवा हात पुरतो.

पेटी फार जुनी असेल आणि तिच्यावर आधी कोणता रंग होता हे माहीत नसेल तर कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ तुमच्या आणि घरातल्या मुलांच्या पोटात जाते. तशी पेटी बाद केलेली बरी.

प्रश्न : रंगाऐवजी जवसाचं तेल लावलं तर?

उत्तर : चालतं. कच्चं तेल सुकायला आठवडे लागतात, उकळून तयार केलेलं एक ते तीन दिवसांत सुकतं. पातळ हात द्या आणि १५ ते २० मिनिटांनी न मुरलेलं तेल फडक्यानं पुसून काढा, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहतो, धूळ बसते आणि बुरशी धरते. दरवर्षी पुन्हा द्यावं लागतं. सगळ्या पेट्या लाकडाच्याच रंगाच्या राहतात, तेव्हा पुढच्या बाजूला रंगीत फळी ठोका.

एक सावधगिरी अगदी गंभीरपणे सांगतो. या तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि गोळा केलेली फडकी ठिणगीशिवाय पेट घेतात. ती पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

प्रश्न : थर्मोकोलसारख्या फोमच्या पेट्या आहेत. रंग लागतो का?

उत्तर : लागतोच. उघडा पॉलिस्टायरीन उन्हात पिवळा पडून पिठासारखा झडतो. फक्त पाण्यात मिसळणारा रंग वापरा. ऑइल पेंट, थिनर आणि बहुतेक स्प्रे फोम विरघळवतात. फार गडद रंगानं उन्हात तो वाकतो.

प्रश्न : भरलेल्या पेटीचा रंग बदलायचा आहे. आत माश्या असताना रंगवता येईल?

उत्तर : त्याच रंगाचा नवा हात संध्याकाळी, उड्डाण थांबल्यावर, मागच्या आणि बाजूच्या भिंतींना देता येतो. पुढच्या बाजूला तसं करू नका, ओल्या रंगात माश्या चिकटतात. सरळ मार्ग म्हणजे नव्या रंगाची पेटी आधीच तयार ठेवून एका शांत दुपारी चौकटी तिच्यात हलवायच्या आणि जुनी फळी आठवडाभर दारापुढे तशीच ठेवायची. रंग बदलण्यासाठी पेट्या लांब नव्या जागी नेतानाचा दिवस सर्वांत चांगला. तिथं माश्यांना सगळंच नव्यानं पाठ करायचं असतं.

आणि एक चूक टाळा. मधकोठ्या (मध साठवण्याच्या वरच्या कोठ्या) प्रत्येक हंगामात या पेटीवरून त्या पेटीवर जातात. त्यांना वेगवेगळे रंग दिले तर दर अदलाबदलीला पेटीचा चेहरा बदलतो. मधकोठ्या सगळ्या पांढऱ्या ठेवा. ओळखीचा रंग जागेवरून न हलणाऱ्या भागांना द्या : तळपाट, उतरण्याची फळी आणि सर्वांत खालच्या कोठीची पुढची बाजू.

प्रश्न : राणीच्या पाठीवर वर्षाप्रमाणे रंगाचा ठिपका देतात. त्यात लाल आणि हिरवाही आहे. मग ते कसं चालतं?

उत्तर : तो ठिपका माणसासाठी आहे. वर्षाचा शेवटचा अंक १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. २०२६ ची राणी पांढरी. पेटीच्या मागच्या बाजूला, क्रमांकाशेजारी त्याच रंगाचा छोटा ठिपका दिला तर झाकण न उघडता राणीचं वय कळतं.